शेवटी आईची खोली

मागच्या महिन्यात माझ्या सांगलीच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. चेहरा जागरणाने ओढलेला. म्हणाले, "डॉक्टर, आई रात्रभर घरात फिरते, कपाटं उघडून बघते. परवा मलाच विचारलं, तू कोण? तिला झोपेची एखादी गोळी लिहून द्या."

मी विचारले, "घरात अलीकडे काही बदल झाला आहे का?"

ते थोडे थांबले. "घर विकायला काढलंय. रंगकाम चालू आहे. तिची खोली आधी रिकामी केली."

हा प्रश्न विचारायला मला वैद्यकाच्या पुस्तकाने शिकविले नाही. तो मला साताऱ्याच्या आमच्या घराने शिकविला आणि त्याची किंमत माझ्या आईच्या मनगटाने मोजली.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका पेठेत माझ्या वडिलांनी, अण्णांनी, १९७१ साली घर बांधले. अण्णा गेल्यावर आई तेथे एकटीच राहत होती. वय त्र्याऐंशी. मी सांगलीला, धाकटा भाऊ पुण्याला. सातारा ते सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर; रात्री फोन वाजला की ते अंतर दुप्पट वाटे. शेवटी घर विकावे आणि आईने माझ्याकडे यावे असे ठरले. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." आम्ही त्याला होकार समजलो. एखाद्या रुग्णाने शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करताना हेच शब्द उच्चारले असते, तर मी त्याच्याजवळ पुन्हा बसले असते. आईजवळ बसले नाही.

दलालाने सल्ला दिला : घर रिकामे आणि उजळ दिसले पाहिजे, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच मनात किंमत ठरवते. सल्ला चुकीचा नव्हता. अडगळीने भरलेली खोली लहान दिसते, अंधारी खोली जुनी दिसते, हे खरेच आहे. मे महिन्यात आम्ही कामाला लागलो. सर्वांत आधी आईची मधली खोली रिकामी केली आणि तिची खाट पुढच्या खोलीत हलविली.

आई पन्नास वर्षे एकाच जागी झोपत होती. रात्री उठली की डावा हात भिंतीला लावून सात पावलांत ती न्हाणीघराच्या दारात पोहोचे. दिव्याची गरज तिला कधी लागली नाही. नव्या जागी भिंत उजवीकडे आली आणि वाटेत रंगाऱ्याच्या बादल्या. अंधारात वाट सापडत नाही म्हणून तिने संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडले. हे तिने कोणाला सांगितले नाही. दोन दिवसांत शरीरातले पाणी कमी झाले आणि ती असंबद्ध बोलू लागली. तिसऱ्या रात्री बादलीला अडखळून पडली. उजव्या मनगटाचे हाड मोडले.

वृद्ध माणूस एकाएकी गोंधळू लागले, दिवसा पेंगू लागले आणि रात्री जागू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. पाणी कमी पडणे, लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, बद्धकोष्ठता, नवे औषध, अनोळखी जागा यांपैकी एखादे किंवा अनेक कारणे एकत्र त्यामागे असतात आणि त्यांतली बरीचशी उपचाराने बरी होतात. झोपेच्या गोळीने मात्र गोंधळ वाढू शकतो आणि पडण्याचा धोकाही.

प्लॅस्टर सहा आठवडे होते. काम थांबले. तोवर पाऊस सुरू झाला आणि नव्याने रंगविलेल्या मागच्या भिंतीला फुगे आले. त्याखालून लोणा दिसू लागला. डोंगराच्या बाजूने झिरपणारे पाणी ती भिंत दरवर्षी पीत असे. आईला हे ठाऊक होते. पण आम्ही तिला विचारलेच नव्हते.

सांगलीत असे रंगकाम मी पूर्वीही पाहिले होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर काही घरांत भिंती पुरत्या वाळण्यापूर्वीच रंग चढला. पुढे त्या घरांतील दमेकरी खोकत माझ्याकडे येत. ओल्या भिंतीवरचा रंग बुरशीला झाकतो, मारत नाही. विक्रीसाठी रंग काढायचा असेल तर आधी पाण्याची वाट शोधा : गच्चीचा उतार, तुंबलेली पन्हळ, गळका नळ, भेगाळलेला गिलावा. ती बंद करा, भिंत वाळू द्या आणि मगच रंगाऱ्याला बोलवा. कोरडी भिंत जुन्या रंगातही विकली जाते; ओली भिंत नव्या रंगातही जाणकाराच्या तळहाताला कळते.

दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा आरंभ केला, पण आता क्रम उलटा होता. आईची खोली सर्वांत शेवटी. तिची खाट, घड्याळ, देवघर आणि न्हाणीघरापर्यंतची वाट यांना कोणी हात लावायचा नाही. वाटेवर रात्रभर एक मंद दिवा. न्हाणीघरात धरायला दांडा बसविला. घर विकायचे असले तरी तोवर त्यात राहायचे होतेच.

आवराआवर रोज सकाळी एक तास, अधिक नाही. आई खुर्चीवर बसे आणि आम्ही एकेक वस्तू तिच्यासमोर आणू. सांगलीला न्यायचे, नातेवाइकांना द्यायचे, बोहारणीला किंवा भंगारात द्यायचे असे तीन ढीग. निर्णय तिचा. पाटा-वरवंट्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि शेवटी म्हणाली, "शेजारच्या सूनबाईला द्या. ती वापरेल." त्या दिवशी आणखी काही आवरले नाही.

या कामात काही पथ्ये पाळावीत. माळ्यावर किंवा स्टुलावर ज्येष्ठांनी चढू नये, मग ते स्वतःला कितीही धडधाकट समजत असोत. धूळ कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपावी. दमा असणाऱ्यांनी त्या वेळी दुसरीकडे बसावे. अडगळीत उंदरांचा वावर असेल तर हातमोजे घालावेत. रंगाचा वास असलेल्या खोलीत कोणी झोपू नये. रोजची औषधे एका डब्यात वेगळी काढून त्यावर नाव लिहावे. सामान बांधताना सर्वांत आधी हरवतात ती औषधे, चष्मा आणि कवळी.

आईच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. मे महिन्यात ती रद्दीच्या ढिगापर्यंत पोहोचली होती. उघडली तर आत जागेचे मूळ खरेदीखत, बांधकामाची परवानगी आणि घरपट्टीच्या पावत्या वर्षांप्रमाणे लावलेल्या. घराची किंमत भिंतीइतकीच कागदावर ठरते. कागद अपुरे असले की घेणारा तेवढ्यावरून भाव पाडतो आणि बँक त्याला कर्ज द्यायला कचरते. आमच्या मालमत्ता पत्रकावर अजून अण्णांचेच नाव होते. मृत्युपत्र नव्हते. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो. नगर भूमापन कार्यालयात वारसांची नोंद करून घेतली. त्याला वेळ लागतो. म्हणून रंगाआधी हे काम हाती घ्या. विक्रीवरील कराविषयीही करसल्लागाराशी आधीच बोला. २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ रोजीचे मूल्य हिशेबात धरता येते आणि त्यासाठी मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो.

येथे ज्येष्ठ वाचकांना एक गोष्ट सांगायची आहे. घरात आपला वाटा असेल तर आपल्या सहीशिवाय तो विकला जात नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या, पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि आपण कोठे राहणार हे विचारा. हे विचारणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे. आजारपणामुळे नोंदणी कार्यालयात जाणे शक्य नसेल, तर अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूद कायद्यात आहे. माझ्याकडे अनेक जण वडीलधाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा दाखला मागायला येतात. मी रुग्णाशी एकटीने बोलल्याशिवाय तो देत नाही. माझ्या आईचा दाखला मी दिला नाही; मी वारस होते. साताऱ्यातील दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्याशी अर्धा तास बोलून तो दिला. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्यांनी मला विचारलं, तुम्हाला खरंच विकायचं आहे का. मी हो म्हटलं." असे तिला तोवर कोणी विचारले नव्हते.

दिवाळीनंतर एक तरुण जोडपे घर पाहायला आले. खिडक्या उघड्या होत्या, खोल्या मोकळ्या, कागदांची फाइल टेबलावर. मागच्या खोलीत आईने स्वतःच सांगितले, "ही भिंत पावसाळ्यात ओल धरायची. यंदा बाहेरून गिलावा केलाय, पण एक पावसाळा बघितल्याशिवाय खात्री देता येणार नाही." दलालाचा चेहरा पडला. मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ देखील तेच सांगतो : घेणाऱ्याला सहज न दिसणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. त्या जोडप्याने भिंतीच्या कामापुरती रक्कम कमी करून मागितली, आम्ही दिली. तरीही मे महिन्यात अपुऱ्या कागदांवर बोट ठेवून देऊ केलेल्या रकमेपेक्षा हा भाव चांगला होता.

त्या गृहस्थांना मी झोपेची गोळी दिली नाही. लघवी आणि रक्त तपासायला सांगितले, आणि घरी जाऊन आईची खाट पुन्हा तिच्या खोलीत नेण्यास सांगितले. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला, औषध सुरू झाले. आता त्यांच्याकडे रंगकाम दुसऱ्या टोकाकडून चालू आहे.

आई सांगलीला येण्यापूर्वी मी तिची खाट अशी लावली की भिंत डाव्या हाताला येईल. येथे न्हाणीघरापर्यंत पावले सात नाहीत, नऊ आहेत. पहिले काही दिवस ती रात्री उठली की ती मोठ्याने मोजत असे, आणि मी शेजारच्या खोलीत नऊपर्यंत जागी राहत असे.