केसरबाईंच्या शेजारचा गिटारवाला

खाप्यात गिटारचा नाद असलेले आम्ही मोजकेच. बाकी गावाचा कान भजनाचा, खंजिरीचा. त्यामुळे एखादं जुनं ब्लूजचं रेकॉर्डिंग हाती लागलं की ते ऐकवायचं कुणाला, हा प्रश्न असतो. विणकराच्या घरातला एक मित्र आहे, स्टीलच्या तारांची गिटार वाजवणारा. रविवारी त्याच्या गच्चीवर स्पीकर लावून बसतो. गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा नियम. भजनी मंडळात पेटी वाजवणारे त्याचे काका तेवढे तो पाळत नाहीत.

एका रविवारी मी ब्लाइंड विली जॉन्सन लावला. टेक्ससचा हा आंधळा गायक. त्याला ब्लूजवाला म्हणावं का, यावर जाणकार भांडतात. गायला तो देवाचीच गाणी, पण हात ब्लूजचा. 'डार्क वॉज द नाइट' १९२७ साली डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित झालं. त्यात शब्दच नाहीत. तो नुसता गुणगुणतो, मध्येच सोडून देतो आणि राहिलेली ओळ गिटार पुरी करते. अर्ध्या मिनिटात काका बोलले, "हा तं झीलकरीच होय ना बे! बुवा सोडते अन् गिटार उचलते."

मी जे समजावायला दहा मिनिटं घेतली असती, ते तिथेच संपलं. तेव्हापासून आधी भाषण देणं मी सोडलंय.

नंतर सांगितलं, की हेच गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात पाठवलेल्या गाण्यांच्या तबकडीवर गेलं आणि त्याच्या लगेच आधी आहे केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. काका ताठ बसले. दोन्ही त्याच क्रमाने लावायला लावली. केसरबाई संपल्या आणि गिटार सुरू झाली, तेव्हा नियम त्यांनीही पाळला.

मग मित्राने औषधाची छोटी बाटली करंगळीत घालून ते वाजवून पाहिलं. तारा अशा उतरवाव्या लागतात, की बोट न ठेवता छेडल्या तरी मेळ जमतो. काच पडद्याच्या बरोबर वर यावी. जरा मागे राहिली की स्वर उतरतो. आम्हा गिटारवाल्यांआधी ते काकांनाच कळायचं. "चढव," एवढंच म्हणायचे.

पुढे राय कूडर आणि विश्वमोहन भट्टांचं 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ऐकवलं. १९८४ च्या 'पॅरिस, टेक्सस' सिनेमाच्या संगीतात जॉन्सनची हीच धून घेणारा तो कूडर. काकांना भट्ट आवडले, कूडर "बरा" वाटला. फर्माईश मात्र आंधळ्या बुवाच्याच दुसऱ्या गाण्याची. त्याची ध्वनिमुद्रित गाणी तीसच, आणि बऱ्याच गाण्यांत तो घसा खरवडून गातो. येत्या रविवारी त्यातलंच एक लावतोय. काकांनी पेटी गच्चीवर आणायचं ठरवलंय.