पोटातले लुगडे

पोफळीच्या डोंगराच्या पोटात १९६२ साली कोयनेचे वीजगृह सुरू झाले. वरून पाहणाऱ्याला नुसते रान दिसते. त्या डोंगरापायथी, आई गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, आम्ही दोघी बहिणींनी पहिली गोधडी शिवली. नक्षी कोणती, हे आत्याने सांगितलेच नाही. कडेकडून आत धावदोरा घालायचा, एक फेरा पुरा झाला की पुढचा. आमचे टाके बोटभर लांब! "पायाची बोटे अडकतील," म्हणत तिने दोनदा उसवायला लावले. आईचे विरलेले इरकली लुगडे दर्शनी यावे, हा आमचा हट्ट; तिने ते मधल्या थरात घातले. आम्ही रुसलो. शेवटी चौकोनात चौकोन उमटले. पुढे काही वर्षांनी वरची ठिगळे झिजली, तेव्हा इरकलीचा काठ बाहेर डोकावला.