‘जणू’ गळून पडते तेव्हा

‘अलंकार’ या शब्दाने मराठीच्या वर्गाचे थोडे नुकसानच केले आहे, असे मला बरीच वर्षे वाटत आले आहे. अलंकार म्हणजे दागिना. दागिना म्हणजे अंगावर घालायची आणि रात्री काढून ठेवायची वस्तू. आनंदवर्धनानेही अलंकारांना कड्या-कंकणांच्या पंक्तीत बसवले, तेव्हा दोष एकट्या पाठ्यपुस्तकांचा नाही. ‘पुढील ओळींतील अलंकार ओळखा’ या प्रश्नाला सामोरा जाणारा विद्यार्थी सराफाच्या सवयीने नग सुटा करतो, त्याचे नाव सांगतो, लक्षण लिहितो आणि दोन गुण पदरात पाडून घेतो. नग काढून घेतल्यावर मागे काय उरले, ही चौकशी सहसा होत नाही.

एम.ए.च्या वर्गात तौलनिक साहित्याभ्यासाच्या निमित्ताने मी शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ घेऊ लागले, तेव्हा ही चौकशी अटळ झाली. कारण या नाटकातला एक अलंकार काढून घेतला, तर एक माणूस जिवंत राहतो.

नाटक साधारण १५९९चे. थॉमस प्लॅटर नावाच्या एका स्विस प्रवाशाने त्या वर्षीच्या सप्टेंबरात लंडनमध्ये सीझरवरील नाटक पाहिल्याची नोंद केली आहे. छापील रूपात मात्र ते १६२३च्या फोलिओतच प्रथम आले. कथावस्तू प्लूटार्कच्या चरित्रांतून, थॉमस नॉर्थच्या १५७९च्या इंग्रजी भाषांतरावरून घेतलेली. एवढी माहिती विद्यार्थी कुठूनही मिळवतात. मी त्यांना थेट दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशाकडे नेते.

मध्यरात्र उलटून गेली आहे. ब्रूटस आपल्या बागेत एकटा आहे. त्याच्या स्वगताची रचना विलक्षण आहे: निष्कर्ष आधी येतो आणि कारणे मागून. सीझर मेलाच पाहिजे, हे पहिल्याच वाक्यात ठरून जाते. पुढे तो प्रामाणिकपणे कबूल करतो, की आपले सीझरशी वैयक्तिक वैर नाही, आणि विवेकाला बाजूला सारून विकाराच्या आहारी गेलेला सीझर आपण आजवर पाहिलेला नाही. म्हणजे आरोपीविरुद्ध पुरावा नाही. मग ब्रूटस काय करतो? सीझर आज जसा आहे त्यावर आरोप टिकत नाही, म्हणून तो उद्या कसा होईल यावर आरोपाची मांडणी करू, असे तो स्वतःलाच सुचवतो. आणि सीझरला सापाचे अंडे समजावे, फुटण्याआधी कवचातच चिरडावे, या कल्पनेशी येऊन थांबतो.

उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना करणे म्हणजे उत्प्रेक्षा, हे लक्षण आपण शाळेपासून घोकतो. ब्रूटस इथे शब्दशः तेच करतो. त्यालाही ठाऊक आहे की ही कल्पना आहे; ‘जणू’ अजून जागेवर आहे. पण पुराव्याची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर उत्प्रेक्षा येऊन बसली. ‘मॅडम, ते अंडं काढून टाकलं तर ब्रूटसकडे उरतं काय?’ असे एका विद्यार्थिनीने एकदा विचारले होते. त्या स्वगतात दुसरे काहीच उरत नाही. शिडीचा दाखला तेवढा उरतो, पण तोही दाखलाच.

मला स्वतःला हे स्वगत वाचताना भीती वाटते, ती ब्रूटस दुष्ट आहे म्हणून नव्हे. तो सज्जन आहे, वाचणारा आहे. युद्धाच्या छावणीतही रात्री पुस्तकाचे दुमडलेले पान शोधणारा माणूस आहे. भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला समर्पक प्रतिमा सापडली, की सत्य सापडल्याचे समाधान मिळते. हे समाधान मला चांगले परिचयाचे आहे, आणि माझ्या बहुतेक व्यवसायबंधूंनाही असावे.

त्याच प्रवेशात, थोड्या वेळाने, पोर्शिया येते. नवऱ्याने आपल्याला विश्वासात घ्यावे म्हणून ती काय दाखवते? स्वतःच्या मांडीवर स्वतःच करून घेतलेली जखम. तिच्यापाशीही वक्तृत्व आहे, वडिलांचा म्हणजे केटोचा वारसाही ती सांगते; पण शेवटी पुरावा म्हणून ती देह पुढे करते. बागेतल्या त्या रात्री ‘जणू’शिवाय समोर आलेली एवढीच एक गोष्ट. वर्गात पोर्शियावर बोलायला नेहमीच वेळ अपुरा पडतो, याची मला खंत वाटते.

पहाटे सीझरच्या घरी वेगळाच प्रयोग चालतो. कॅल्पर्नियाच्या स्वप्नात सीझरच्या पुतळ्यातून रक्ताची कारंजी उडत असतात आणि रोमन लोक हसत हसत त्या रक्तात हात बुडवत असतात. ती अर्थ लावते: अनिष्ट. डीशियस त्याच स्वप्नाचा दुसरा अर्थ लावतो: रोम या महापुरुषाकडून नवे जीवन शोषून घेणार आहे. संहिता एक, अर्थनिर्णय दोन. समीक्षेच्या विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण मी देऊ शकत नाही. संहिता अनेकार्थी असते, हे आम्ही मोठ्या उत्साहाने शिकवतो. इथे त्या अनेकार्थतेची किंमत एका माणसाचा जीव आहे. सीझर दुसरा अर्थ निवडतो, कारण तो त्याच्या नावाला शोभतो. हा माणूस स्वतःचा उल्लेखही वारंवार ‘सीझर’ असाच करतो, जणू तो स्वतःच स्वतःचा पुतळा आहे.

याच प्रवेशात, घराबाहेर पडण्याआधी, सीझर म्हणतो की भित्रा माणूस मरणापूर्वी अनेकदा मरतो, शूराला मरण एकदाच चाखावे लागते. त्याच्या तोंडी ही बढाई वाटते. थोड्याच वेळात डीशियसची खुशामत त्याला सहज हलवते. पण रॉबेन बेटावरच्या तुरुंगात सनी वेंकटरत्नम या राजकीय कैद्याने शेक्सपिअरच्या समग्र साहित्याची प्रत जपली होती. पहारेकऱ्यांना तो धर्मग्रंथ वाटावा म्हणून तिच्या वेष्टनावर त्यांनी दिवाळीची शुभेच्छापत्रे चिकटवली होती. सहकैद्यांनी आपापल्या आवडीच्या उताऱ्यांपाशी सह्या केल्या, आणि १६ डिसेंबर १९७७ रोजी नेल्सन मंडेलांनी सही केली ती नेमकी याच ओळींपाशी. शब्द तेच, उच्चारणारा बदलला आणि बढाईचे धैर्य झाले. अर्थ शब्दात असतो की बोलणाऱ्यात, या प्रश्नावर आमचे दोन तास आनंदात जातात.

ब्रूटसकडे परत येऊ. कटाच्या बैठकीत तो आणखी एक प्रतिमा आणतो: आपण खाटीक नाही, आपण बळी अर्पण करणारे आहोत. सीझरचे तत्त्व मारता आले असते आणि देह वगळता आला असता तर किती बरे, असेही त्याला मनापासून वाटते. आणि तिसऱ्या अंकात, वार झाल्यावर, तो स्वतःच सहकाऱ्यांना सीझरच्या रक्तात कोपरांपर्यंत हात माखायला सांगतो. ‘जणू’ गळून पडते ते इथे. कल्पनेतला यज्ञ पार पडतो. समोर असते ते शव. कॅल्पर्नियाचे स्वप्न अक्षरशः खरे होते, फक्त हात तिच्या पतीच्या मित्रांचे निघतात.

अँटनीच्या भाषणाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी आवरते घेते. ब्रूटस लोकांशी समतोल, प्रतिसाम्याने बांधलेल्या गद्यात बोलतो, अँटनी छंदात. आपल्या परंपरेत या भाषणाला व्याजस्तुतीचे उदाहरण म्हणता येईल. आजच्या विद्यार्थ्याला ‘व्याज’ म्हटले की बँक आठवते, आणि खरे सांगायचे तर तो अर्थही इथे चालतो: ब्रूटसच्या सन्माननीयतेचे विशेषण प्रत्येक आवर्तनात थोडे थोडे चढत जाते आणि शेवटी जमाव त्याची सव्याज वसुली करतो. शब्द बदलत नाही, काकू बदलते.

मला अधिक रस आहे तो पुढच्या एका क्षणात. अँटनी सीझरचा फाटलेला झगा उचलून दाखवतो: इथून कॅशियसचा खंजीर गेला, हा वार कास्काचा, इथे लाडक्या ब्रूटसने भोसकले. पण अँटनी त्या वेळी तिथे नव्हताच! ट्रेबोनियसने त्याला आधीच बाहेर नेले होते, हे प्रेक्षकांनी पाहिलेले आहे. कोणते भोक कोणाचे, हे त्याला कळणे शक्य नाही. जमावातला एकही माणूस ते विचारत नाही. बहुतेक वर्षी माझ्या वर्गातलाही विचारत नाही, इतके ते वर्णन नेमके आहे. ब्रूटसच्या अंड्यात निदान कल्पनेची कबुली होती. अँटनी कल्पनेलाच पंचनाम्याचे रूप देतो.

तिसऱ्या अंकाचा शेवटचा, जेमतेम पृष्ठभराचा प्रवेश घाईत सुटून जातो. सिना नावाचा एक कवी रस्त्याने चालला आहे. जमाव त्याला अडवतो. कटातला सिना मी नव्हे, मी कवी आहे, असे तो पुनःपुन्हा सांगतो. प्लूटार्कच्या कथेत तो केवळ नामसादृश्याने मारला जातो. शेक्सपिअरच्या जमावाला मात्र फरक कळतो, आणि तरीही तो थांबत नाही. मग याच्या वाईट कवितांसाठी याला फाडा, असे एकजण ओरडतो. दुसऱ्याला त्याच्या काळजातून त्याचे नाव उपटून काढायचे असते. पहिल्या अंकात कॅशियसने ब्रूटस आणि सीझर ही दोन नावे तागडीत घालून तोलली होती, तेव्हा ते चतुर वाक्चातुर्य वाटले होते. वर्गात इथे हमखास हशा पिकतो. ‘वाईट कवितांसाठी’ हे ऐकून मराठीचे विद्यार्थी हसणारच. मी त्यांना हसू देते आणि पान उलटते.

चौथा अंक उघडतो तो एका मेजाभोवती. अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस कोणाकोणाला मारायचे याची यादी करत आहेत. नावापुढे एक खूण केली की माणूस संपला. लेपिडस आपल्या भावाच्या नावाला संमती देतो, अँटनी आपल्या भाच्याच्या. आणि मग, ज्या मृत्युपत्रातले प्रत्येकी ७५ द्राख्मा ऐकून रोम पेटले होते, ते सीझरच्या घरून घेऊन यायला अँटनी लेपिडसला पिटाळतो. त्या देण्यांतून काही कापता येते का, ते त्याला पाहायचे असते.