जुन्या यंत्राचे मोल

नव्या यंत्राची किंमत विक्रेता सांगतो. जुन्या यंत्राचे मोल घेणाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत हा प्रसंग नित्याचा आहे. 1940 साली हिंदुस्थान एअरक्राफ्ट, 1948 साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, 1953 साली हिंदुस्थान मशीन टूल्स आणि 1954 साली भारत इलेक्ट्रॉनिक्स असे मोठे उद्योग या नगरीत उभे राहिले आणि सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान कारखाने त्यांच्या आश्रयाने वाढले. यांतील एखादा कारखाना बंद पडतो, तेव्हा त्याची यंत्रे दुसऱ्याच्या शेडमध्ये जातात.

बेळगावच्या उद्यमबागेत हात बसलेला एखादा मराठी तरुण येथे येतो, वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या छपराखाली सांधे जोडतो आणि एके दिवशी स्वतःचे काही उभारावे असे त्याला वाटू लागते. त्याच्यापाशी असते ती थोडी साठवण आणि बायकोचे गहाण पडलेले दागिने. यंत्र फसले, तर दुसरे घेण्यास काही उरत नाही.

त्यातून मिग यंत्राची परीक्षा अवघड. काडीच्या वेल्डिंगला वीज पुरविणारा ट्रान्सफॉर्मर धड असला की भागते. कारागीर ज्याला 'सीओटू' म्हणतात त्या मिगमध्ये मात्र वीज, तार आणि वायू या तिघांना एकाच वेळी साथ द्यावी लागते. बाहेरून दिलेल्या नव्या रंगाला म्हणूनच येथे काही अर्थ नाही. जाणता माणूस प्रथम झाकण काढावयास लावतो. वेटोळी तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची, त्यांवरचे वार्निश करपले आहे काय, आत लोखंडाची धूळ किती साचली आहे, हे तो पाहतो. मग तार ढकलणाऱ्या रोलरच्या खाचा. त्या झिजल्या असतील, नळीतील लायनर तुंबला असेल, तर खर्च थोडका. परंतु इन्व्हर्टर यंत्राचा इलेक्ट्रॉनिक पट्टा जळका निघाला आणि त्याच्या जोडीचा पट्टा बाजारात मिळेनासा झाला असेल, तर सारे यंत्र भंगारात गेल्यासारखेच.

पाटीवर 400 अँपिअर, साठ टक्के असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, दर दहा मिनिटांपैकी सहा मिनिटेच तेवढा प्रवाह द्यावा. अखंड काम घ्यावयाचे तर सुमारे 310 अँपिअरवर थांबावे. म्हणून विक्रेत्याने क्षणभर ठिणगी पाडून दाखविली, एवढ्याने समाधान मानू नये. जाड पत्र्यावर सलग सहा मिनिटे चालवावे. चरचर एकसारखी राहिली, तार अडखळली नाही आणि पंखा चालू राहिला, तर पुढचे बोलणे करावे. आपल्या शेडला तीन फेजची वीज मंजूर आहे काय, हेही त्याआधीच विचारून ठेवावे.

मोलाची खालची मर्यादा तांब्यालोखंडाच्या भंगाराचा भाव होय आणि वरची मर्यादा नव्याची किंमत. दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्तीपायी बुडणारे दिवस वरच्या आकड्यातून वजा करीत खाली यावयाचे असते. हिशेब एवढा सरळ असूनही सौदा मात्र कठीण जातो, कारण विकणारा मागची वर्षे मोजत असतो आणि घेणारा पुढची. ज्या यंत्राने दोन मुलींची लग्ने पार पाडली, त्याचा भाव किलोने बोलला जावा, हे म्हाताऱ्या मालकाला लागते.

अशा वेळी "काका, याचे काही दुखणे आहे का?" असे तरुणाने नम्रतेने विचारावे. "तापलं की तार जरा सरकते, बघ. रोलर बदल, बाकी काही नाही," असे उत्तर आले, तर पाचदहा मिनिटांच्या परीक्षेत जे कळत नाही ते कळते. दोष सांगणारा विक्रेता स्वतःची किंमत थोडी उतरवून घेतो खरा. पण त्या एका वाक्यामुळे तरुणाला यंत्राच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज येतो, आणि गहाण दागिने केव्हा सुटतील याचाही.