बोईसर-तारापूरच्या वाटेवर : केस गेले म्हणून मान खाली का?

पालघरहून बोईसर काही लांब नाही. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. डहाणू लोकलमध्ये बसायला जागा मिळाली नाही तरी तक्रार करू नये, एवढाच प्रवास. तरीही आम्ही मंडळातल्या तिघी त्या रविवारी निघालो तेव्हा मनावर ओझे होते. बोईसरच्या वहिनींचा निरोप होता, "पोरीचं लग्न ठरत आलंय, आणि डोक्यावर ही चाई पडली. तुम्ही एकदा येऊन जा. घरात कुणाला काही सुचत नाही."

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की माणसांचा लोंढा एकाच दिशेने जातो, एमआयडीसीकडे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, सगळा देश इथे पोट भरायला आलेला. रंग, रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना तऱ्हेचे कारखाने. वाऱ्याची दिशा बदलली की वासही बदलतो. राहणारे म्हणतात, "आता नाकाला सवय झाली." पण कागदावर लिहिलेले विसरता येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात तारापूरला ९३.६९ गुण, म्हणजे पहिला नंबर! परीक्षेत असा नंबर आपल्या पोरांचा यावा, हवा-पाण्याचा नको.

वहिनींची खोली चाळीत. भाऊ रंगाच्या कारखान्यात. हाताच्या रेषांत निळा रंग मुरलेला. आम्ही जयभीम केला, पाणी प्यालो. मुलगी आतल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसलेली. अंगावर घरातले कपडे, पण डोक्याला ओढणी घट्ट.

हळूहळू शेजारणी जमल्या. प्रत्येकीकडे एक कारण तयार! एक म्हणाली, बोअरिंगचे पाणी खारे आहे. दुसरी म्हणाली, कारखान्याचा धूर. तिसरीने तर थेट समुद्राकडे बोट दाखवले, "ते अणुकेंद्र आहे ना तिकडे!" आणि एका म्हातारीने आवाज खाली करून सांगितले, "शेगावकडचा तोच रोग आलाय. पोरीला जवळ घेऊ नका, कंगवा वेगळा ठेवा." हे शेवटचे बोलणे सगळ्यांत जास्त लागले. कारण वहिनींचे माहेर बुलढाणा जिल्ह्यातले. गल्लीतल्या सलूनवाल्यानेही धाकट्या भावाला म्हणे विचारले होते, "तुमच्या घरात ते केसांचं काय आहे?"

शेगावकडचे प्रकरण काय होते, ते आधी नीट सांगतो. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव परिसरातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. डोके खाजायचे, आणि तीन-चार दिवसांत केसांचा पुंजका हातात यायचा. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. कॉलेजातल्या मुली होत्या, शाळकरी पोरे होती. लाजेपायी कित्येकांनी मुंडण करून घेतले. कुणाचे शिक्षण थांबले, कुणाचे ठरलेले लग्न अडले.

आधी संशय पाण्यावर गेला. तो भाग खारपाणपट्ट्यातला, पाणी खारट, तपासणीत नायट्रेटही जास्त निघाले. कुणी बुरशी म्हणाले, कुणी शाम्पू. पण पाणी तर पिढ्यान्‌पिढ्या खारटच होते, केस आत्ताच का गेले? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या संशोधनामुळे साऱ्या जगाला माहीत असलेले, यांनी गावात जाऊन वेगळा प्रश्न विचारला. हे सगळे लोक खातात काय? उत्तर मिळाले, रेशनचा गहू. तो पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. तपासणीत त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, जिथे १.९ च्या वर नसावे. धुतलेल्या गव्हातही फारसे कमी नव्हते. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, केसांत १५० पट आढळल्याचे त्यांनी मांडले, आणि जस्त मात्र कमी झालेले होते. सेलेनियम शरीराला चिमूटभराहूनही कमी लागते. जास्त झाले की केस आणि नखे यांवर घाला पडतो. पंजाबच्या काही भागातली जमीन मुळातच सेलेनियमने भरलेली आहे. पुढे काही जणांचे केस परत येऊ लागले, तर २०२५ च्या एप्रिलमध्ये काही जणांची नखे गळाल्याच्या बातम्या आल्या.

म्हणजे तो संसर्ग नव्हता. एकाचा कंगवा दुसऱ्याने वापरल्याने ते होणार नव्हते. ज्यांना घरात बसावे लागले, त्यांचा दोष एवढाच की त्यांनी मिळालेला गहू दळून खाल्ला.

मग बोईसरच्या या मुलीचे काय? आम्ही तिला कातडीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी डोके पाहिले. रुपयाएवढे दोन गोल चट्टे, कातडी गुळगुळीत, खपली नाही. ही चाईच. यात शरीराची संरक्षण करणारी शक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. का उलटते, हे प्रत्येक माणसापुरते सांगता येत नाही. ही लागण नव्हे. लहान चट्टा असला तर पुष्कळदा वर्षभरात केस परत येतात, कधी आधी पांढरे येतात, मग काळे होतात. काहींचे येत नाहीत, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. उपचार म्हणून मलम आणि चट्ट्यात इंजेक्शन. पण त्यांना राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका वैदूने चट्ट्यावर गुंजेचा लेप लावायला सांगितला होता, त्याने कातडी भाजली होती. गुंज विषारी असते. माता-भगिनींनो, हा प्रयोग घरी करू नका.

सगळ्यांचे केस एकाच कारणाने जात नाहीत. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे चालायचेच. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात आणि बहुतेक वेळा परत येतात. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल तर केस विरळ होतात. खपली, खाज, तुटलेले केस असतील तर नायटा असू शकतो. तो मात्र लागतो, आणि गोळ्यांनी बरा होतो. खाऱ्या पाण्याने केस राठ होऊन तुटतात, मूळ जात नाही.

दुपारी मुलीलाच म्हटले, चल, चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन येऊ. रिक्षा एमआयडीसीतून निघाली, पुढे पास्थळ, डाव्या अंगाला कुठेतरी अणुऊर्जा केंद्र. तिथली पहिली दोन युनिटे १९६९ पासूनची. किरणोत्सर्गाने केस जातात हे खरे, पण त्याला फार मोठी मात्रा लागते, आणि तेवढ्या मात्रेने माणूस केस जाण्याआधीच उलट्यांनी आडवा होतो. चाळीतल्या एका मुलीच्या दोन चट्ट्यांचा आळ त्यावर घालता येणार नाही. पण म्हणून इथली हवा-पाणी चांगली आहे असेही कुणी समजू नये. नवापूरच्या समुद्रात कारखान्यांचे पाणी सोडले जाते, ते मासेमार बांधवांना विचारा. खरी तक्रार टिकायची असेल तर ती खऱ्या कारणावरच उभी राहिली पाहिजे. उद्या एका वस्तीत दहा-वीस जणांचे केस एकाच आठवड्यात गेले, तर वहीत लिहून ठेवा. कोण, कधीपासून, पाणी कुठले, धान्य कुठले. ती वही आरोग्य केंद्रात न्या, पाण्याचा आणि धान्याचा नमुना तपासायला लावा. रेशन बंद करून पोरांना उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. रेशनचे धान्य तपासलेले मिळणे हा आपला हक्क आहे.

किनाऱ्यावर वारा सुटला होता. मुलगी ओढणी दोन्ही हातांनी धरून बसलेली. आम्ही तिला बाबासाहेबांची लहानपणची गोष्ट सांगितली. साताऱ्यात न्हावी होते, पैसेही देता आले असते, पण अस्पृश्याच्या केसाला कुणी हात लावीना. मग थोरली बहीण घरीच भावांचे केस कापायची. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्या समाजाने हा अपमान सोसला, त्याने शेजारच्या पोरीचा कंगवा वेगळा ठेवावा?

मुलगी काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने ओढणी सैल केली.

संध्याकाळी वहिनींनी मुलाकडच्यांना फोन लावला आणि जे आहे ते सांगितले. काही लपवले नाही. तिकडून उत्तर आले, "विचार करून कळवतो." हे लिहीपर्यंत कळवलेले नाही. पण परवा मुलगी ओढणीशिवाय शिवणक्लासला गेली, आणि शेजारच्या त्याच म्हातारीने तिची वेणी घालून दिली, असे वहिनींनी सांगितले.