दमाची गाडी

रॉयल एनफिल्डची हिमालयन 2016 मध्ये आली, तेव्हा घरातल्या बाकीच्या गाड्यांचं क्रोम तिच्या अंगावर नव्हतं, टाकीवर सोनेरी रेघा नव्हत्या. उंच, हाडकुळी, सगळा सांगाडा उघडा. काहींनी नाकं मुरडली. पण तिचं रूप तिच्या कामातून आलं आहे. ते काम कळलं की ती देखणी वाटू लागते.

काम लांब पल्ल्याचं. मनालीहून लेहला जाताना तांदीच्या पेट्रोल पंपावरची पाटी वर्षानुवर्षं बजावत आली आहे: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. हिमालयनची टाकी 15 लिटरची. लिटरला तीसचा हिशेब धरला तर भागतं, पण चढण आणि खालच्या गिअरमधली रखडपट्टी हा हिशेब बिघडवतात. म्हणून टाकीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांची चौकट दिली आहे. तिला जेरीकॅन बांधायचे. गाडी आडवी झालीच, तर टाकीच्या आधी ही चौकट मार खाते.

इंजिन 411 सीसीचं, एकाच सिलिंडरचं, ताकद साडेचोवीस बीएचपी. आकडा ऐकून वेगाचे शौकीन पुढे निघून जातात. पण सिलिंडरचा व्यास 78 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 86. धाव लांब असल्यामुळे खरी ओढ खालीच, चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते. याच रस्त्यावरच्या गाटा लूप्सची 21 वळणं चढताना याचा अर्थ कळतो. मागे सामानाचं ओझं, दर वळणाला मरणारा वेग, आणि तरी ही दुसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता वर सरकत राहते. वारीतल्या मुरलेल्या वारकऱ्यासारखी तिची चाल: धावायचं नाही, थांबायचंही नाही. आत बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे संध्याकाळी हँडल सोडल्यावर तळहातांना मुंग्या येत नाहीत.

तिचा स्वभाव पाहायचा तर रस्ता आडवा कापणाऱ्या नाल्यात पाहावा. वितळलेल्या बर्फाचं गढूळ पाणी, खाली गोटे, किती खोल ते दिसत नाही. फूटपेगवर उभं राहून पहिल्या गिअरमध्ये सोडली की 21 इंची पुढचं चाक गोट्याला अडत नाही, त्यावर चढतं. फोर्क दबतो, पुन्हा उघडतो. त्याला 200 मिलिमीटरची मुभा आहे आणि पोटाखाली 220 मिलिमीटर मोकळी जागा. मधेच थांबावं लागलं तर सीट 800 मिलिमीटरवरच असल्याने बेताच्या उंचीच्या माणसाचा पायही तळाला लागतो. वाहत्या पाण्यात पाय टेकण्याइतका मोठा आधार दुसरा नाही. उंच सीटच्या गाड्या इथेच माणसाला घाबरवतात. ही घाबरवत नाही.

मीटरमध्ये होकायंत्रही आहे. त्याची गरज क्वचितच पडते, पण मोरे प्लेन्सच्या मोकळ्या पठारावर दिशा समोर दिसत राहिली की मन निश्चिंत राहतं.

तिच्या मर्यादाही उघड आहेत. शंभरच्या पुढे तिला ताण पडतो, आणि वजन 190 किलोच्या घरात असल्याने चिखलात पडलेली गाडी एकट्याने उचलणं जड जातं. 2023 च्या नोव्हेंबरात तिची वारसदार आली: 452 सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, 17 लिटरची टाकी, कितीतरी जास्त ताकद. हायवेवर नवी सरस आहे, यात वाद नाही.

पण प्रवासाच्या गाडीची परीक्षा हायवेवर किंवा पहिल्या दिवशी होत नाही. ती चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी होते, जेव्हा कंबर बोलू लागलेली असते आणि पुढे आणखी एक खिंड उभी असते. त्या सकाळी पुन्हा गाडीवर बसावंसं वाटलं, तर ती पास. जुनी हिमालयन त्या परीक्षेला उतरलेली आहे, आणि लांबच्या वाटेवर निघणाऱ्याने गाडीकडे मागावं ते एवढंच.