यवतमाळचा माळ आणि घरची पवनचक्की

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील धामणगांव स्टेशनावर उतरून बाभुळगांवच्या सडकेनें यवतमाळास जावें. मूर्तिजापुराहून येणारी 'शकुंतला' नांवाची चिमुकली गाडी आतां धांवत नाहीं. वर्ध्याहून निघालेला नवा लोहमार्ग २०२४ सालीं चिंतामणीच्या कळंबपर्यंत येऊन पोंचला. तथापि सडकेनें गेल्यास भूमीचें स्वरूप जितकें कळतें तितकें आगगाडीच्या खिडकींतून कळत नाहीं. प्रथम दोहों बाजूंस कपाशीचीं काळीं वावरें, मग हळूहळू चढण, आणि अखेरीस समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचारशें मीटर उंचीवर वसलेलें यवतमाळ शहर.

'यवतमाळ' ह्या नांवांतील 'माळ' म्हणजे पठार, असें प्रवाशास सहजच वाटतें. जुन्या गॅझेटियरकर्त्यांचा अभिप्राय निराळा आहे. मूळ गांव 'येवता', आणि परगण्याचें मुख्य ठाणें म्हणून त्यास 'महाल' हा शब्द जोडला गेला, असें ते म्हणतात. 'ऐन-इ-अकबरी'मध्यें 'योत-लोहारा' असा उल्लेख येतो; लोहारा हें गांव आजहि शहरालगत आहे. कांहीं असो, आषाढांत पठाराच्या कडेला उभें राहिलें म्हणजे मनुष्य व्युत्पत्तीचा वाद विसरतो आणि 'माळ' हाच अर्थ पत्करतो. खांद्यावरचें उपरणें सांवरतां सांवरतां पुरेवाट होते.

आम्ही ज्या घरीं उतरलों होतों तेथें ह्याच वाऱ्यावरून रात्रीं जेवणें आटोपल्यावर चर्चा निघाली. घरांतील पुतण्याच्या मनांत वावरांतील विहिरीजवळ एक लहानशी पवनचक्की उभारावयाचें होतें. तो म्हणाला, "काका, वावर आपलं, वारा कोणाचाच नाहीं, मग विचारायचं कोणाला?" काका सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, "वारा कोणाचाच नाहीं, म्हणूनच तर धुऱ्यापलीकडच्याला विचारायचं, बाबा!" देशावर ज्यास बांध म्हणतात त्यास वऱ्हाडांत धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून लागलेले तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, हें वाचकांस सांगावयास नकोच.

पहिला विचार वाऱ्याचाच केला पाहिजे. वाऱ्यांतील शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति आठपट होते. दोन मीटर व्यासाचें चक्र सेकंदाला ३ मीटर वेगाच्या झुळकीवर जेमतेम १२ वॉट वीज देईल, म्हणजे एक लहान दिवा लागेल. तोच वेग ६ मीटर झाला तर शंभर वॉटच्या आसपास मिळेल. यवतमाळास पावसाळ्याच्या आरंभीं वारा जोराचा असतो, हिंवाळ्यांत मंद पडतो. ऊन्ह मात्र हिंवाळ्या-उन्हाळ्यांत भरपूर असतें. म्हणून लहान चक्कीस सौरतक्त्यांची जोड देणें शहाणपणाचें. आपल्या प्रांतांत १९८६ च्या सुमारास देवगडास समुद्रकांठीं पवनचक्क्या फिरूं लागल्या, पुढें साताऱ्याचें वनकुसवडें पठार त्यांनीं भरून गेलें. परंतु तेथील वाऱ्याचें माप यवतमाळास लावूं नये. आपल्या वावरांत वर्षभर वेगमापक लावून पाहावा आणि मगच पैसा घालावा.

दुसरा विचार सरकारी नियमांचा. २०२० च्या डिसेंबरांत मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई आदि कांहीं अपवाद वगळतां राज्यास लागू आहे. छतावरील सौर साधनांचा तींत स्पष्ट विचार केलेला आहे. घरगुती पवनचक्कीचा मनोरा मात्र इमारतीची उंची, सामासिक अंतर व बांधकामाची मजबुती ह्या सर्वसाधारण नियमांतच शोधावा लागतो. सबब शहरांतील घरावर मनोरा चढविण्यापूर्वीं नगरपरिषदेस नकाशा दाखविणें इष्ट. शिवाय कवेलूच्या वा धाब्याच्या जुन्या घरास चक्राची थरथर सोसणार नाहीं, आणि आसपासच्या घरांनीं वारा तुटून त्याचे नुसते भोंवरे होतात. वीज ग्रिडला जोडावयाची असल्यास राज्य विद्युत नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम केवळ सूर्यापुरते नसून नवीकरणीय ऊर्जेच्या इतर साधनांसहि लागू आहेत.

शेताची गोष्ट निराळी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ४१ व्या कलमानें शेतकऱ्यास आपल्या जमिनींत शेतघर बांधण्याचा, विहीर खणण्याचा व लागवडीसाठीं अन्य सुधारणा करण्याचा हक्क दिला आहे. विहिरीचें पाणी उपसणारी चक्की ही ह्या सुधारणांच्या पंक्तींत बसते, असें म्हणण्यास चांगला आधार आहे. वीज विकण्याचा उद्देश असेल तर मात्र जमिनीचा उपयोग बदलतो, आणि अकृषिक परवानगीचा प्रश्न उभा राहतो. नगराच्या हद्दीलगत शेतघरालाहि जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागूं शकते. म्हणून आधीं तलाठ्याकडे चौकशी करावी.

तिसरा विचार शेजाऱ्याचा, आणि येथें कायदा आपल्या मदतीस येत नाहीं. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यांत घरांत येणाऱ्या उजेडवाऱ्याचा हक्क वीस वर्षांच्या निर्वेध उपभोगानें मिळूं शकतो. परंतु मोकळ्या जमिनीवर येणाऱ्या वाऱ्याचा हक्क अशा वहिवाटीनें मिळत नाहीं, असें १७ वें कलम स्वच्छ सांगतें. इंग्लंडांत १८६१ सालीं 'वेब विरुद्ध बर्ड' ह्या खटल्यांत हाच प्रश्न आला होता. एका पवनचक्कीजवळ शाळेची इमारत उभी राहिली व वारा अडला. चक्की जुनी असूनहि न्यायालयानें मालकाचा हक्क मान्य केला नाहीं. उद्यां धुऱ्यापलीकडच्यानें सागाची रांग लाविली किंवा गोदाम बांधलें, तर आपली चक्की थांबेल आणि दाद मागावयास जागा राहणार नाहीं.

उलटपक्षीं शेजाऱ्याचेंहि भय खरें आहे. मनोरा कोसळला तर कोणाच्या वावरांत पडेल? मोठ्या पवनचक्क्यांसाठीं केंद्र सरकारनें २०१६ सालीं मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत सार्वजनिक रस्ते व इमारती यांपासून मनोऱ्याची उंची, अधिक चक्राचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर इतकें अंतर सांगितलें आहे. राहत्या घरापासून आवाजाकरितां ५०० मीटर. ह्या सूचना घरगुती चक्कीकरितां नाहींत. पण पहिलें माप उसनें घेण्यास हरकत नाहीं. १५ मीटरांचा मनोरा व २ मीटरांचें चक्र असेल तर १५, १ आणि ५ मिळून २१ मीटर होतात. धुऱ्यापासून इतकें दूर राहिल्यास कोसळणारा मनोरा आपल्याच जमिनींत पडेल.

आणि शेजारी विचारण्याआधीं घर विचारावें. सातबाऱ्यावर चार भावांचीं नांवें असतील, तर चौघांची लेखी संमति हवी; खर्च, दुरुस्ती व वांटणीच्या वेळीं चक्की कोणाकडे जाईल, हेंहि त्याच कागदावर लिहून ठेवावें. एकानें हौसेनें उभारलेली वस्तु दुसऱ्याच्या हिश्शांत गेली म्हणजे भावाभावांत बोलणें बंद होतें.

दुसऱ्या दिवशीं काका-पुतणे दोघेहि वावरांत गेले. त्यांनीं विहिरीपासून धुऱ्यापर्यंत दोरी धरून अंतर मोजलें. तें अठरा मीटरच भरलें. चक्की विहिरीच्या अलीकडे, चार मीटर आंत घ्यावयाची व शेजाऱ्यास घरीं बोलावून नकाशा दाखवावयाचा, असें ठरलें. यवतमाळच्या माळावर वाऱ्याची अजून वांटणी झालेली नाहीं. ती होण्यापूर्वीं घराघरांतून अशी दोरी धरली गेली, तर पुष्कळ तंटे कोर्टाची पायरी चढणार नाहींत.